गळाला लागलेला इतिहास

मासे धरणे हा विषय इतिहासाच्या माणसाने कशाला घ्यावा, असे आपल्याला वाटेल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनदा, राजांच्या वंशावळी अशी आपली समजूत शाळेपासून झालेली असते, आणि ती करून देण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. पण काठीला दोरी, दोरीला गळ आणि गळाला आमिष लावून पाण्याच्या काठी बसलेला माणूस हा फार जुना माणूस आहे. तो काय पाहत होता, काय टिपून ठेवत होता आणि ते कोणाकडून शिकला होता, याचा शोध घेत गेलो तर आपण मुंबईच्या उपनगरातून निघून कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत आणि भीमेच्या डोहापासून कावेरीपर्यंत जाऊन पोहोचतो. तोच प्रवास आज आपण करू.

सुरुवात पवईच्या तलावापासून करतो, कारण तो माझ्या पायाखालचा आहे. एका बाजूला अंधेरी, दुसऱ्या बाजूला घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड आणि वर बोरिवलीकडे गेलेली डोंगराची रांग, अशा बेचक्यात हे पाणी आहे. पौष-माघात पहाटे येथे धुके उतरते. मुंबईत थंडी नसते असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळी काठावर येऊन बसावे. पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसलेले असतात, कमळपक्षी पानांवरून चालत जातात, खंड्या एकदा किलकारी मारून पाण्यावर झेपावतो. आणि मगरी? हो, पवईत मगरी आहेत. पाण्यात राहून मगरीशी वैर करू नये, ही म्हण इथल्या माशांनी शब्दशः पाळायची आहे.

थंडीत गळ टाकणाऱ्याला फारसे काही मिळत नाही, आणि त्याचे कारण शाळेतल्या मुलांनाही सांगण्यासारखे आहे. माशाचे अंग आपल्यासारखे सदा ऊन राहत नाही. भोवतालचे पाणी जितके गार, तितके त्याचे अंग गार. अंग गारठले की पचन मंदावते, पचन मंदावले की भूक कमी होते, आणि भूकच नसेल तर आमिष कितीही चांगले असो, मासा त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखे करतो. त्यामुळे हिवाळ्यात या छंदाच्या माणसाजवळ एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे वेळ. हात रिकामे, डोके मोकळे. या छंदावरची जगातली पुष्कळ पुस्तके अशाच रिकाम्या ऋतूंत सुचली असावीत, असा माझा तर्क आहे.

पण आधी तलावाची हकीकत सांगतो. मुंबईला पाण्याची टंचाई ही काही आजची गोष्ट नाही. विहारचा तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशीचा १८७९ मध्ये. तरी शहराची तहान भागेना. शहापूरकडच्या तानसा नदीवर मोठे धरण बांधायचे ठरले, पण ते पुरे व्हायला काही वर्षे लागणार होती. मधली नड भागवावी म्हणून १८९०-९१ च्या सुमारास मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या मध्ये बांध घालून पवईचे पाणी अडवले. पवई हे त्या काळी पारशी सावकार फ्रामजी कावसजी यांच्या जहागिरीचे गाव म्हणून ओळखले जाई. १८२९ मध्ये ही जमीन त्यांच्याकडे आली होती आणि तिथे त्यांनी ऊस, कापूस, आंबा अशी नाना झाडे लावून पाहिली होती. पुढे तलाव झाला, पण १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, आणि पवईचे पाणी पिण्याला चांगले नाही असे ठरून ते बाजूला पडले. अडीअडचणीला बोलावलेला आणि काम सरल्यावर विसरलेला पाहुणा, अशी या तलावाची गत झाली.

माणसांनी सोडलेल्या या पाण्यावर मासे आणि पाखरे वाढली. १९३६ मध्ये हौशी गळवाल्यांनी एक संस्था काढली, मुंबई इलाख्याच्या नावाने. महापालिकेकडून तलावातील मासेमारीचा हक्क घेऊन तिने तिथे मासे सोडायला आणि राखायला सुरुवात केली. इलाखा गेला, राज्ये बदलली, तेव्हा संस्थेच्या नावातही महाराष्ट्र आला. तिने सोडलेले मासे मुख्यतः रोहू, कटला, मृगळ. म्हणजे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांचे नव्हेत. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिच्याशी आपले काम पडणार आहे.

१९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि १० मार्च १९५९ रोजी तलावाच्या काठीच पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. एका काठावर देशातली हुशार मुले गणिते सोडवीत आहेत आणि दुसऱ्या काठावर कोणी टोपी डोळ्यांवर ओढून तरंड्याकडे टक लावून बसला आहे. कोण जास्त शिकतो, हा वाद मी घालणार नाही. माझी नोकरी शिकवण्याची आहे.

आता जरा दूर जाऊ. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण युरोपात एक वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या थंड, वाहत्या ओढ्यांत ट्राऊट नावाचा मासा पाण्यावर उडणाऱ्या माश्या टिपून खातो. मग लोकर, पिसे आणि रेशमाचा दोरा घेऊन गळाभोवती खोटी माशी बांधायची आणि लांब लवचिक काठीने ती पाण्यावर अलगद टेकवायची. या कलेचा सर्वांत जुना सविस्तर उल्लेख इलियन या रोमन लेखकाचा आहे, इसवी सन २०० च्या आसपासचा. मॅसिडोनियातील लोक गळावर तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे कशी बांधतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. तो स्वतः गळवाला होता असे दिसत नाही. कोणा नदीकाठच्या माणसाने सांगितलेले त्याने लिहून घेतले. हेही ध्यानात असू द्या, कारण या विषयात पुन्हा पुन्हा तेच घडते: पाहणारा एक, लिहिणारा दुसरा.

इंग्लंडमध्ये १६५३ साली आयझाक वॉल्टन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने गळाच्या छंदावर एक पुस्तक छापले. तिथे यादवी युद्ध नुकतेच होऊन गेले होते, राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि हा गृहस्थ नदीकाठी बसून मासे, गवत, पाऊस आणि मैत्री यांवर गप्पा मारीत होता. संवादाच्या रूपात लिहिलेले ते पुस्तक इंग्रजीत सतत छापले जात आले आहे. आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते? शिवाजीमहाराज तेविशीत होते, जावळी अजून घेतली नव्हती. तुकोबांना जाऊन तीन-चार वर्षे झाली होती. हे सांगायचे कारण असे की, परदेशातले साल कानावर पडले तर त्या साली आपल्या गावात काय चालले असेल हे मुलांना विचारून पाहावे. साल पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

वॉल्टनचे नाव घेतले की पुष्कळ जण समजतात, हा छंद आणि त्यावरची विद्या ही साहेबाने आणलेली. तसे नाही. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षांहून अधिक काळ, इ.स. ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर प्रकरणांच्या या ग्रंथात राज्यकारभार आहे, वास्तू आहे, स्वयंपाक आहे, हत्तीघोडे आहेत, गाणे आहे. मराठी माणसाला हा ग्रंथ एका वेगळ्या कारणाने जवळचा आहे: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे आणि ओवीचा तो फार जुना पुरावा मानतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, आणि ते गळाने मासे धरण्यावर आहे.

राजाने काय लिहावे? समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. थोर कोणते, लहान कोणते. कोणता मासा काय खातो. एका ठिकाणी रोज खाऊ टाकून माशांना त्या जागेची सवय कशी लावावी. काठी कशी असावी, दोरी कशी, गळ कसा. मासा लागल्यावर त्याला दमवून काठाला कसे आणावे, हेसुद्धा. एखाद्या गळवाल्या काकांनी पुतण्याला सांगावे तसे हे सारे आहे, फक्त संस्कृत श्लोकांत. त्या वेळी आपली उपनगरे म्हणजे साष्टी बेटावरची विखुरलेली गावे होती आणि त्यांवर ठाण्याच्या शिलाहारांचे राज्य होते.

हा ग्रंथ आपल्या हाती आला तो बडोद्यामुळे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला. पहिला भाग १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये निघाला. १९५१ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी मत्स्यविनोदावर एक निबंध लिहिला आणि ग्रंथातली जुनी नावे आजच्या कोणत्या माशांना लागू पडतात हे जुळवून पाहिले. काही नावे जुळली, काही संशयित राहिली. संस्कृत पंडिताला मासे ठाऊक नसतात आणि माशांच्या शास्त्रज्ञाला संस्कृत. दोघांनी एकत्र बसल्याशिवाय असला ग्रंथ उलगडत नाही. तिसरा माणूस लागतो तो नदीवरचा. तो या बैठकीला बहुधा बोलावला जात नाही.

तो बोलावला गेला, निदान त्याचे शब्द तरी घेतले गेले, अशी एक गोष्ट आपल्याच मुलखात घडली आहे. ती जरा सविस्तर सांगतो.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, त्यात तो इंग्रजांच्या बाजूने होता. पेशवाई बुडाली. नव्या मुलखात काय आहे, किती आहे, याची मोजदाद सरकारला हवी होती, म्हणून १८२४ मध्ये साइक्सला त्या कामावर नेमले. गावे, माणसे, पिके, पाऊस मोजता मोजता हा गृहस्थ पाखरे, जनावरे आणि मासेही गोळा करू लागला. १८३१ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला आणि पुढे त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. १८३९ मध्ये त्याचा गोषवारा आणि १८४१ मध्ये चित्रांसह पूर्ण निबंध प्रसिद्ध झाला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड अशा नद्यांतले चाळीसहून अधिक मासे त्यात आहेत.

शास्त्राचा नियम असा की, ज्याने पहिल्यांदा रीतसर वर्णन केले त्याने दिलेले नाव कायम. हे नाव दोन शब्दांचे असते, लॅटिनच्या घाटाचे. साइक्सला नवी नावे हवी होती. काही त्याने आपल्या ओळखीच्या साहेबांवरून ठेवली. पण बाकीची? ती त्याने नदीकाठच्या भोई-कोळ्यांच्या तोंडून उचलली. खुद्री, शिंगटी, घोगरा, मल्या, बोगट, फुलंगी, कोळस, अळकुटी. इंग्रजी कानाने ऐकलेली आणि इंग्रजी लेखणीने वाकडीतिकडी लिहिलेली ही आपली मराठी नावे जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेली. टोकियोचा किंवा पॅरिसचा शास्त्रज्ञ आजही दख्खनच्या महासीर माशाचे नाव लिहितो तेव्हा ‘टॉर खुद्री’ असेच लिहितो, आणि त्यापुढे साइक्स आणि १८३९ हे साल. रोहटी हे तर एका माशाचे नाव न राहता सबंध प्रजातीचे नाव झाले आहे. ‘रोहटी ओगिल्बी’ असे एका माशाचे नाव आहे. पहिला शब्द भीमाकाठचा, दुसरा लंडनच्या ओगिल्बीसाहेबाचा. एका ताटात भाकरी आणि केक!

नावे गेली, पण नावे सांगणारे कोण होते? साइक्सचे नाव प्रत्येक माशापुढे आहे. ज्याने पहाटे जाळे ओढले, मासा पालथा करून दाखवला, ‘हा बोगट, हा मल्या, ह्याचं तोंड बघा खाली वळलंय’ असे सांगितले असेल, त्या माणसाचे नाव एकाही माशाला मिळालेले नाही. हे म्हणताना मला साइक्सला दोष द्यायचा नाही. त्या काळातल्या पुष्कळ साहेबांनी गावची नावे सरळ टाकून दिली. याने ती ठेवली, एवढे श्रेय त्याचे खरे. पण आठ इंची आणि चार इंची माशांतला फरक एका नजरेत ओळखणारी, कोणता मासा कोणत्या नक्षत्रात कुठल्या डोहात जातो हे जाणणारी जी विद्या होती, ती शाळेत शिकलेली नव्हती, म्हणून ती विद्याच नव्हे असे पुढे आपणच ठरवून टाकले.

गुरुजी, आपल्या गावाला नदी किंवा ओढा असेल तर एक काम करून बघा. सातवी-आठवीच्या मुलांना सांगा की, आजोबांना, भोईवाड्यातल्या म्हाताऱ्यांना, ठाकर-कातकरी वस्तीवर जाऊन माशांची नावे विचारून आणा. वाम, मरळ, शिंगाळा ही येतील. पण पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणाऱ्या माशांची नावे विचारा. ठाणे-कुलाब्याकडे त्या चढणीला ‘वलगण’ म्हणतात. मृगाची सर कोसळली की लोक टोपल्या, पागेरी घेऊन शेताच्या बांधावर धावतात. पोटात अंडी घेऊन वर चाललेले हे मासे असतात. त्यातले कोणते सोडायचे आणि कोणते घ्यायचे, याचे जुने दंडकही काही गावांत सापडतील. मुलांची वही भरेल. आणि ती वही, खरे सांगतो, माझ्यासारख्याच्या चार व्याख्यानांपेक्षा मोलाची ठरेल.

खुद्री म्हणजे महासीर. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला, वाहत्या स्वच्छ पाण्याचा मासा. गळवाल्यांच्या जगात त्याला सिंहाचा मान आहे. १८७३ साली मद्रासकडचा मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, त्याचा नायक महासीरच. १९४८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅक्डोनाल्ड यांचे याच विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. ही सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकातून कित्येक हौशी माणसांची निरीक्षणे छापून आली. कुठे, कोणत्या महिन्यात, किती वजनाचा मासा लागला. पाणी गढूळ होते की निवळ. ज्याने लिहिले त्याला आपण इतिहासाचे साधन तयार करीत आहोत हे ठाऊक नव्हते.

आपल्या लोकांचा मात्र महासीरशी दुसराही एक संबंध आहे. देहू-आळंदीच्या इंद्रायणीत घाटालगतचे मासे धरायचे नाहीत, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्यांचा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या डोहात मोठाले मासे आहेत आणि त्यांना कोणी हात लावत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि मासे वर येतात. मुंबईपासून आणखी जवळ म्हणजे वाडा तालुक्यातले तिळसे. वैतरणेच्या पात्रात शिवाचे देऊळ आणि त्यालगत देवाचे मासे. आजच्या भाषेत याला अभयारण्य म्हणतात. त्यासाठी कायदा नव्हता, पहारेकरी नव्हता. देवाचा धाक होता आणि गावाचा डोळा होता. पण धाक डोहापुरता असतो. वरून येणारे पाणीच घाण झाले तर देव काय करणार? इंद्रायणीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता या कथेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. डोंगरावर अडवलेले पाणी खाली सोडून चाके फिरवायची, ही त्यातली युक्ती. इंद्रायणीच्या मुलखातले पाणी असे उलट दिशेला, कोकणाकडे उतरू लागले. धरणांमुळे महासीरची चढण अडली. तो पावसाळ्यात वर जाऊन खडकाळ, वाहत्या पाण्यात अंडी घालणारा मासा आहे. भिंतीवर डोके आपटून त्याचे काय होणार! तेव्हा १९७० च्या सुमारास, महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला खुद्री माशाची अंडी बाहेर काढून, फलित करून, पिल्ले वाढवून दाखवली. टाटांच्या वळवण येथील केंद्रात पुढे हे काम वर्षानुवर्षे चालले. लाखोंनी पिल्ले निघाली. ती महाराष्ट्रातल्या तलावांत गेली, आणि इतर राज्यांनीही मागून नेली. एक नाहीसा होऊ लागलेला मासा माणसाच्या हाताने सावरला. या कामाचा मराठी माणसाला अभिमान वाटला पाहिजे, आणि मला तो वाटतो.

पण ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीला तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीवर उंच वशिंड असलेला, प्रचंड. १९४६ मध्ये कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत एक १२० पौंडांचा लागला होता आणि जगभरचे गळवाले त्याच्यासाठी कर्नाटकात येत. टॉमसच्या १८७३ च्या पुस्तकापासून सगळे त्याला ओळखत होते. फक्त एक गोष्ट राहून गेली: शास्त्रात त्याला पक्के नाव कोणी दिले नव्हते. महासीर तो महासीर, असे धरून चालले होते. सह्याद्रीतला काय आणि कावेरीतला काय! साइक्ससारखा कोणी तिथे वही घेऊन भोयांपाशी बसला नव्हता, किंवा बसला असेल तरी या माशापर्यंत पोहोचला नव्हता.

१९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्याची खुद्री कावेरीत रुळली, वाढली. नदीकाठी गळवाल्यांचे तळ होते आणि तिथे धरलेला मासा मोजून परत पाण्यात सोडण्याची पद्धत होती. प्रत्येक माशाची नोंद वहीत व्हायची. पुढे एड्रियन पिंडर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी या वह्या उघडल्या. त्यांत काय दिसले? १९९० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे एकूण मासे वाढत गेलेले. पण वशिंडाचा मासा वर्षागणिक कमी होत गेलेला, आणि शेवटी शेवटी त्याची नवी पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झालेली. वाढले होते ते आपले, दख्खनचे. २०१५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. इतका मोठा मासा सर्वांच्या डोळ्यांदेखत संपत होता आणि ‘महासीर वाढले’ असे लोक समाधानाने म्हणत होते, कारण दोघांना नाव एकच होते.

२०१८ मध्ये एकदाचे ठरले की, वशिंडाचा हा मासा म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन झालेला ‘टॉर रेमादेवी’. त्याच वर्षी जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नाव नसल्यामुळे तोवर तो कोणत्याच यादीत बसत नव्हता. आपली खुद्री मात्र आधी संकटग्रस्त मानली जात होती, ती पुढे त्या यादीत धोक्याबाहेर गेली.

कावेरीत पिल्ले सोडणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांना नदी भरलेली हवी होती. त्यांच्याजवळ पैसा होता, कष्ट होते, शास्त्रही होते. नदीकाठच्या जुन्या मासेमारांना हे दोन मासे वेगळे आहेत हे एका नजरेत कळले असते. पण विचारायला कोणी गेले नाही. आणि सगळी भिस्त शेवटी त्या छंदी माणसांच्या नोंदींवर आली, ज्यांना लोक रिकामटेकडे म्हणतात. त्या वह्या नसत्या तर माशाचा अंत केव्हा सुरू झाला हेदेखील आपल्याला सांगता आले नसते.

पवईची गोष्ट याहून लहान आहे, पण जातकुळी तीच. तलावाच्या पाण्यात गंगेचे मासे आहेत, पाण्यावर दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी आहे, तळाशी डोंगरांवरून आणि बांधकामांतून वाहून आलेला गाळ आहे. काठाने सायकलींसाठी रस्ता बांधायला महापालिकेने घेतला होता. काही नागरिक, त्यांत शेजारच्या तंत्रज्ञान संस्थेतले संशोधक विद्यार्थीही, न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले. या तलावात बांध घालण्यापूर्वी, मिठीच्या या ओहोळात, मूळचे कोणते मासे होते? डोंगराच्या पोटातल्या पाड्यांवर अजून वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबे राहतात. आरेच्या रानातल्या ओढ्यांवर पहिल्या पावसात त्यांची माणसे आजही खेकडे आणि मासे धरायला उतरतात. हातात मासा आला की पोर विचारते, हा कुठला? आणि म्हातारी त्याचे नाव सांगते.